मुंगीचा गूळ तळाशी

मुंगी होती एवढीशी. गुळाचा खडा होता तिच्याहून मोठा. भर उन्हातून तिने तो ओढत आणला. विझल्या चुलीवर पाण्याचं पातेलं होतं. पातेल्याच्या काठावर ती दम खायला थांबली. खडा घसरला. डुबुक. थेट तळाशी.

मुंगी रागावली. "गुळोबा, गुळोबा, वर या."

गूळ म्हणाला, "मला का पाय आहेत? विरघळलो तर येईन. पण पाणी गार. गार पाण्यात मी लवकर विरघळत नाही."

मुंगी म्हणाली, "पाणीदादा, पाणीदादा, तापा. गूळ विरघळेना. हा कुठला न्याय?"

पाणी म्हणालं, "चूल पेटली तर तापेन. आधी नाही."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"चूलबाई, चूलबाई, पेटा. पाणी तापेना. गूळ विरघळेना. हा कुठला न्याय?"

चूल म्हणाली, "फुंकणी फुंकेल तर पेटेन. आधी नाही."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"फुंकणीबाई, फुंकणीबाई, फुंका. चूल पेटेना. पाणी तापेना. गूळ विरघळेना. हा कुठला न्याय?"

फुंकणी म्हणाली, "गोदाआत्या उठेल तर फुंकेन. आधी नाही."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"गोदाआत्या, गोदाआत्या, उठा. फुंकणी फुंकेना. चूल पेटेना. पाणी तापेना. गूळ विरघळेना. हा कुठला न्याय?"

आत्या म्हणाली, "मांडीवर बोका झोपलाय गं. तो उठेल तर उठेन. आधी नाही."

मुंगी चढली मांडीवर.

"बोकोबा, बोकोबा, उठा. आत्या उठेना. फुंकणी फुंकेना. चूल पेटेना. पाणी तापेना. गूळ विरघळेना. हा कुठला न्याय?"

बोक्याने एक डोळा उघडला. "एवढीशी तू. मला उठवणार?"

"एवढीशी आहे. पण गूळ माझा आहे," मुंगी म्हणाली. आणि शेपटीला चावली. कच्च.

बोका उठला, म्याँव. आत्या उठली, हुश्श. फुंकणी फुंकली, फू फू. चूल पेटली, धग धग. पाणी तापलं, सूं सूं. आत्याने पळी फिरवली, गर गर गर.

गूळ झाला लहान. आणखी लहान. मग दिसेनासाच झाला.

मुंगी पुन्हा रागावली. "माझा गूळ कुणी खाल्ला?"

"कुणीच नाही," पाणी म्हणालं. "चाखून बघ."

आत्याने पळीतला एक थेंब जमिनीवर ठेवला. फुंकून गार केला. "उन्हातून आलीस ना बाई? घे गूळपाणी. पहिला मान तुझा."

मुंगीने इकडून चाटलं. गोड. तिकडून चाटलं. तिकडूनही गोड.

"हा माझाच गूळ," मुंगी म्हणाली. "आता झाला न्याय."

आणि बोक्याने काय चाटलं?

आपली शेपटी.