राखेखालचा विस्तव

फार पूर्वीची गोष्ट आहे. खाड्यांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची.

एका राजाने दवंडी पिटवली, "एक राज्य, एक प्रार्थना!" राजा म्हणेल तीच प्रार्थना, आणि तीही राजा म्हणेल त्याच चालीवर. जे म्हणणार नाहीत, त्यांच्या चुली विझवायच्या. मग शिपाई पाण्याच्या घागरी घेऊन घरोघर शिरले आणि पेटत्या चुलींवर पाणी ओतत सुटले.

त्या राज्यात एक तांडेल होता, गलबत हाकणारा. शिपाई दाराशी यायच्या आत त्याने आपल्या चुलीतले निखारे मडक्यात भरले, वर राख पसरली, आणि ज्यांच्या ज्यांच्या चुली विझल्या होत्या त्यांना गलबतात घेऊन तो समुद्रापार गेला.

पलीकडच्या किनाऱ्यावर रान होतं, आणि रानात माणसंही होती. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने तांडेलला विचारलं, "आम्ही झाडाला हात जोडतो. तुमची काही हरकत?"

तांडेल ओशाळला. "आजी, जागा तुमची. परवानगी आम्ही मागायची."

म्हातारी हसली आणि तिने खाडीच्या मुखाशी त्यांना जागा दिली. तांडेलने मडक्यातल्या निखाऱ्यांवर गावाची मोठी चूल पेटवली आणि तिच्यासमोर उभं राहून शब्द दिला, "या गावात कुणाच्या देवाची चौकशी होणार नाही. मागेल त्याला इथला विस्तव मिळेल."

दोन घरांचं हाडवैर सांगताना आपण आजही म्हणतो ना, त्यांच्यात विस्तवसुद्धा जात नाही? तर हे गाव असं, की इथे सगळ्यांत विस्तव जायचा. रोज दिवेलागणीला प्रत्येक घरातून कुणीतरी मडकं घेऊन गावचुलीशी येई. रात्रीचा स्वयंपाक झाला की घरची चूल विझवत. शिळा विस्तव ठेवायचा नाही, अशी रीतच होती. रोज नवा न्यायचा, म्हणजे रोज एकमेकांचं तोंड दिसतं.

वर्षं गेली. तांडेलची दाढी पांढरी झाली. विस्तव नेताना लोक त्याचीच प्रार्थना म्हणू लागले. तसं कुणी सांगितलं नव्हतं, सवय पडली. आणि सवय म्हातारी झाली, की आपण कायदा आहोत असं तिला वाटू लागतं.

गावचूल राखायचं काम आता तांडेलच्या सुनेकडे होतं. सून कामाला चोख, पण काळजीखोर. तिचं तान्हं बाळ झोपलं, की श्वास चालू आहे ना म्हणून ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची, आणि बोटाने ते जागं झालं, की आपणच उठवलं म्हणून हळहळायची. सासू म्हणायची, "आमच्या सूनबाई सावलीलासुद्धा ठेच लागेल म्हणून जपून चालतात!" सून हसायची. मनात म्हणायची, खरंच आहे, आपल्यासारख्या भित्र्या बाईच्या हाती गावाचा विस्तव कुणी दिला असेल?

त्या हिवाळ्यात गावात एक विणकरीण नवरा आणि लेकीला घेऊन राहायला आली. त्यांची रीत वेगळी होती. ती माणसं प्रार्थना बोलून करत नसत. डोळे मिटून गप्प बसत. विणकरीण विस्तव न्यायला आली, की चुलीपुढे क्षणभर मुकाट उभी राही, मग मडकं पुढे करी.

"काकू, तुम्ही काय म्हणता मनात?" सुनेने एकदा विचारलं.

"काहीच नाही गं. आम्ही म्हणत नाही, ऐकतो."

सुनेला ते आवडलं. आपल्या डोक्यात इतका गलका असतो, की देवाला बोलायला जागाच सापडत नसेल, असं तिला वाटून गेलं.

मग धुकं आलं. आलं ते हलेनाच. होड्या किनाऱ्याला लागून राहिल्या, जाळी ओलीच्या ओली कुजली, पोरं खोकू लागली. गावाचा कारभारी जबाबदार माणूस होता. संकट आलं की ते कुणामुळे आलं हे शोधणं तो आपलं काम समजे. तो म्हणाला, "आपण सगळे देवाला हाक मारतो. एक घर गप्प बसतं. देव रागावणार नाही तर काय?"

लोक तांडेलच्या अंगणात जमले. सून कोपऱ्यात कण्यांची पेज ढवळत होती, बाळ पाठीशी बांधलेलं. तांडेलने बराच वेळ दाढी कुरवाळली. त्याला गाव प्रिय होतं, आणि गाव घाबरलेलं होतं. शेवटी तो म्हणाला, "धुकं हटेपर्यंत तरी... एक गाव, एक प्रार्थना."

सुनेच्या हातातला डाव थांबला.

हे शब्द तिने ऐकले होते. या घरात आल्यापासून दर सणाला मामंजी ती गोष्ट सांगत, आणि राजाची दवंडी आली की आवाज जाड करून सगळ्यांना हसवत. आज त्यांनी आवाज जाड केला नव्हता. कुणी हसलंही नाही.

कारभाऱ्याने हुकूम गावभर फिरवला. उद्यापासून जो प्रार्थना म्हणणार नाही, त्याला विस्तव नाही. त्याला कुणी विस्तव दिला, तर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही होडीत बसवून राजाच्या किनाऱ्यावर परत पाठवायचं. आणि होडी खरोखरच ओढून चुलीजवळ आणून ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला विणकरीण आली. एरवी लगबगीने येणारी बाई आज रखडत चालत होती. मागे कारभारी हाताची घडी घालून उभा.

"ताई, पोरीला ताप आहे," ती सुनेला हळूच म्हणाली. "अंग शेकायला घरात ठिणगी नाही."

"काकू, म्हणून टाका की चार शब्द!" सून कळवळून म्हणाली. "कुणाचं काय जातंय?"

"जे मनात नाही ते देवाला कसं सांगू? माणसाशीसुद्धा मी खोटं बोलत नाही."

 होडी सुनेच्या समोरच होती. पाठीवरचं बाळ खोकलं, आणि भर समुद्रात, थंडीत, ते होडीत कसं दिसेल हे तिला लख्ख दिसलं. काळजीखोर माणसाला पुढचं फार स्पष्ट दिसतं. पण त्याच वेळी तापाने फणफणलेली दुसरी पोरही तिला तितकीच स्पष्ट दिसली. काळजीचा हाच तर घोळ असतो. तिला एकदा पाय फुटले, की ती आपल्याच घरापाशी थांबत नाही.

सुनेने आवाज चढवला. "हुकूम म्हणजे हुकूम. विस्तव मिळणार नाही!" मग तितक्याच मोठ्याने म्हणाली, "भांडी घासायला राख हवी असेल, तर न्या. राखेला काही बंदी नाही."

विणकरणीने मान वर करून पाहिलं. तिने मडकं पुढे केलं.

सुनेने फावडं चुलीच्या पोटात खोल घातलं आणि मडकं भरलं. वर आणखी दोन मुठी थंड राख पसरली. घाईत थोडी राख होडीच्या काठावर सांडली.

कारभारी पुढे आला. त्याने मडक्यावर तळहात धरला. "राख गरम लागतेय."

"चुलीतली आहे, कारभारी. विहिरीतली काढून देऊ?"

आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. कारभारी हसला नाही. तो वाकला, काडी उचलली, राखेत खुपसणार, इतक्यात बाळाने असा काही टाहो फोडला की कारभाऱ्याच्या हातातली काडीच गळाली. आईच्या काळजाची धडधड पाठीतून त्याला जाणवत असणार, दुसरं काय? तेवढ्यात विणकरीण धुक्यात दिसेनाशी झाली होती.

त्या रात्री सुनेने घरची चूल विझवली आणि बाळाला छातीशी धरून पडून राहिली. आपण हुकूम मोडला की पाळला, तिला ठरवता येईना. मामंजींना सांगावं, की न सांगावं?

ठरायच्या आत पहाट झाली, आणि पहाटेबरोबर उधाण आलं. दूर समुद्रावरचं वादळ पाणी आत रेटत होतं. पाणी खाडीच्या मुखातून गावात शिरलं, गावचुलीवर चढलं, आणि एक मोठा फुस्कारा टाकून चूल विझली.

पाणी ओसरलं तेव्हा गावभर चिखल आणि थंडी. घरोघरच्या चुली तर रात्रीच विझवलेल्या. लोकांनी चकमकी झाडून बोटं सोलून घेतली, पण धुक्याने कापूसही ओला, लाकूडही ओलं. ठिणगी पडे आणि मरे. रानातली माणसं हिवाळ्यात डोंगरापलीकडे जात, त्यांच्याकडून मागायचीही सोय नव्हती. पोरं कुडकुडू लागली. सुनेने बाळाच्या पावलांना हात लावला. पावलं गार होती, आणि ओठांचा रंग तिला आवडला नाही. यावेळी ती तिची नेहमीची काळजी नव्हती. सासूनेही हात लावून पाहिला आणि आपला पदर बाळाच्या पायांभोवती गुंडाळला.

"धूर!" कुणीतरी ओरडलं.

चढावर, जिथे धुकं विरळ होतं, विणकरणीच्या छपरातून धूर निघत होता. पुन्हा विस्तव मिळेल न मिळेल म्हणून तिने रात्री तो विझवलाच नव्हता.

"यांना विस्तव कुणी दिला?" कारभारी गरजला आणि गर्रकन सुनेकडे वळला. "राख काय? राख?"

सगळं गाव तिच्याकडे बघू लागलं. होडी उधाणाने उचलून थेट तिच्या पायाशी आणून टाकली होती. सून तांडेलकडे वळली. 

"मी दिला, मामंजी. राखेखाली झाकून."

"का?" तांडेलने विचारलं.

"तुम्हीच शिकवलंत. तुम्हीही असाच आणला होतात." ती पुढे म्हणाली, "आणि परवा तुम्ही जे बोललात, ते राजाचं बोलणं होतं. तुमचं नव्हतं. मला होडीत बसवायचं तर बसवा, पण आधी पोरांसाठी तिच्याकडून विस्तव आणा."

होडीतून पाणी ठिबकत होतं. तांडेल सुनेकडे बघत राहिला, मग होडीकडे. राजाच्या शिपायांना आयुष्यभर हसलेला म्हातारा, आपल्या हातात घागर कधी आली हे त्यालाच कळलं नव्हतं.

त्याने एक रिकामं मडकं उचललं आणि चढ चढू लागला. मागोमाग अख्खं गाव. सगळ्यांच्या मनात एकच धास्ती होती, आता ती आपल्याला काय म्हणायला लावणार?

विणकरीण दारात आली. आत तिची लेक शेकत बसली होती. ताप उतरलेला, डोळे टक्क उघडे.

तांडेलने मडकं पुढे केलं. "बाई, विस्तव हवाय. काय म्हणू? तुझी रीत सांग. म्हणशील तर गप्प उभा राहतो."

विणकरणीने त्याच्याकडे पाहिलं. "आजोबा, 'विस्तव हवाय' म्हणालात ना? झालं."

तिने मडकं भरलं. पहिलं मडकं तांडेलने सुनेच्या हाती दिलं. बाळाची पावलं तापली, ओठांवर रंग आला, आणि शेकता शेकता बाळ झोपी गेलं. सुनेने नाकाखाली बोट धरलं, आणि यावेळी सासूनेही धरलं.

गावचूल पुन्हा पेटवायची, तर सगळी लाकडं चिंब. फक्त होडीच्या तळाशी मुरलेलं डांबर तेवढं पेट घेईल असं होतं. तांडेलने कुऱ्हाड मागवली आणि ती कारभाऱ्याच्याच हातात दिली. कारभारी होडीच्या फळ्या फोडत होता आणि गाव त्या चुलीत घालत होतं. धुकं त्या दिवशी हटलं नाही, त्यानंतरही बरेच दिवस हटलं नाही. पण दिवेलागणीला विस्तव घ्यायला आलेल्यांत कुणी मोठ्याने प्रार्थना म्हणत होतं, कुणी गप्प उभं होतं, आणि चूल दोघांसाठीही सारखीच तापत होती.

तात्पर्य: आपल्या देवासाठी मागितलेली मोकळीक शेजाऱ्याच्या देवाला नाकारली, की पहिली चूल त्याची विझते, आणि दुसरी आपली.