भातवाढ्यांचे तोरण

एका राज्यात कोणी कोणाला वाढत नसे. चुली पेटत, भात शिजे, आमटीला फोडणी बसे. पण ज्याने त्याने आपल्या हाताने पातेल्यातून घ्यावे आणि मुकाट जेवावे. आईने लेकराच्या पानात घास टाकला, की त्याची वाळू होई. सुनेने सासऱ्याला वाढले, तरी वाळूच. पाणी आणि आईच्या अंगावरचे दूध तेवढे सुटले होते. रांगती मुले आपणच पातेल्यात हात घालीत आणि बोटे भाजून घेत.

पूर्वी तिथे असे नव्हते. त्या राज्याचा राजा विशाखदेव. त्याची राणी केतकी. राणीला वाढण्याची भारी हौस. पदर खोचून ती पंक्तीत फिरे आणि नको नको म्हणणाऱ्याच्या पानावरही हसत भाताची मूद ठेवी. एकदा वाड्यात देशोदेशींचे राजे जेवायला बसले होते. पंक्तीच्या टोकाला मळक्या कफनीतला एक माणूस येऊन बसला. राणी त्यालाही वाढू लागली. तेव्हा पाहुण्यांत कोणी हसले, आणि ते हसू राजाला झोंबले. तो ताडकन उठला. राणीच्या हातावर फटका मारून त्याने भातवाढी खाली पाडली.

तो माणूस होता मांत्रिक दारुक. पानावरून उठत तो म्हणाला, "राजा, वाढता हात तू अडवलास. आता तुझ्या राज्यात कोणाचे वाढलेले कोणाला पोचणार नाही."

इतके बोलून तो निघून गेला, आणि त्याच पंक्तीत राजांच्या दाताखाली वाळू करकरली.

लोकांनी काही दिवस वाट पाहिली. मग घरोघरच्या पळ्या, डाव, झारे, भातवाढ्या वेशीबाहेर नेऊन टाकल्या. त्यांचा डोंगर झाला. पितळ काळवंडले, तांब्यावर हिरवा गंज चढला.

पुढे राणीला वाताचा झटका आला. ती अंथरुणाला खिळली आणि दोन्ही हात लुळे पडले. तिला आपल्या हाताने घास घेता येईना, आणि दुसऱ्याने भरवलेला घास तोंडात वाळू होई. कोणी पातेले तोंडाशी धरले, तरी वाळूच. माळ्याने खिडकीतून द्राक्षाचा वेल आत घेतला आणि तिच्या उशाशी चढवला. मान वळवून ती ओठांनी मणी तोडी. तेवढ्यावर ती जगत होती.

राजा एकटा, पायी, सीमेवरच्या टेकडीवर गेला. दारुक झोपडीबाहेर बसून एकट्यासाठी भाकरी भाजत होता.

"मांत्रिका, शाप मागे घे," राजा म्हणाला. "अपराध माझा आहे. राणी उपाशी मरेल."

दारुकाने मान खाली घातली. "त्या बाईने मला पंक्तीत बसू दिले होते. तिच्यावर हे येईल असे मनात नव्हते. पण सुटलेला शब्द मला मागे घेता येत नाही. उपाय सांगता येतो."

"सांग."

"वेशीबाहेर टाकलेल्या पळ्या-डावांतून तीन वस्तू घडव. बोलेल असा पक्षी. मधमाश्या बसतील असे झाड. वारा नसता वाजेल असे तोरण. तोरण वेशीला टांगलेस की शाप फिटेल. मात्र हातोडा तुझ्याच हातात हवा."

राजाला खिळा ठोकणेही ठाऊक नव्हते. तो येसू तांबटिणीच्या दारी गेला. येसूचा म्हातारा बाप आंधळा होता. पातेले चाचपताना त्याचे हात पोळत आणि लेकीला ते नुसते बघावे लागे. तिने राजाला भात्यापाशी बसवले. "धातू लाल होऊ द्या, महाराज. मग ठोका. गार असताना ठोकलात तर चिरेल."

राजाने पुष्कळ पळ्या चिरल्या. अंगठा ठेचला. अखेर एका डावाची वाटी पक्ष्याची छाती झाली, ठोकून पसरलेल्या पळ्यांचे पंख झाले, सांडशीच्या टोकांची चोच झाली. पक्ष्याने चोच उघडली आणि म्हणाला, "माझा एक पंख आखूड आहे."

"सरळ करू?"

"नको. उडता येते." आणि तो उडून छपरावर बसला.

मग झाड. ओगराळ्यांचे दांडे पिळून बुंधा केला, फांद्यांना चमच्यांची फुले जडवली. झाड एका अंगाला कलले होते. तरी दुपारी मधमाश्या आल्या आणि चमच्याच्या वाट्यांतून मध गोळा करून गेल्या.

आता तोरण राहिले. तोवर राजाचा हात बसला होता. भातवाढी तापवावी, ठोकून पातळ करावी, कडा कातरून आंब्याचे पान करावे, छिन्नीने शिरा ओढाव्यात. चिंचेने घासले की काळ्या पत्र्यातून सोनेरी उजेड फुटे. राजाने आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या हाताने काही सुंदर केले होते. तो त्या पानांकडे बघत राही. पूर्वी कितीतरी दिवस त्याच्या छातीवर जे ओझे होते, ते हातोडा उचलला की हलके होई.

वेशीच्या रुंदीपुरते तोरण झाले. पक्षी म्हणाला, "राजा, तोरण पुरे झाले. टांग."

"मधली पाने ओबडधोबड आहेत. राणीच्या नजरेला पडायचे आहे ते."

त्याने मधली पाने काढून नवी घडवली. मग नव्यांपुढे कडेची पाने फिकी दिसू लागली. त्याने तीही उतरवली.

पक्षी वाड्यावर फिरून आला. "राजा, वेलाचा हंगाम सरला. शेवटचे घड उरले आहेत."

"एवढी ओळ होऊ दे."

येसूही म्हणाली, "महाराज, माझ्या बापाचे हात..."

"झालेच," राजा म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

एका सकाळी सर्वांत देखणे पान घेऊन तो राणीकडे गेला. वेलावर पाने पिवळी पडली होती. राणीचा चेहरा उशीइतका पांढरा होता. राजाने पान तिच्या डोळ्यांपुढे उन्हात धरले.

"सुंदर आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "महाराज, मला भूक लागली आहे."

"उद्या टांगतो. आता फार राहिले नाही."

तो अगदी मनापासून बोलला. पण दुसऱ्या दिवशी एका पानाच्या शिरेला बाक आलेला त्याला दिसला, आणि तो पुन्हा भात्यापाशी बसला.

त्याच्या पुढच्या दिवशी, सूर्य माथ्यावर असताना, राजाने तोरण वेशीला टांगले. वारा नव्हता. तरी पान पानाला लागले आणि ते वाजू लागले. घराघरांतून लोक धावत बाहेर आले. येसूने बापाच्या हातावर भाकरी ठेवली. ती भाकरीच राहिली. म्हातारा चावत होता आणि त्याच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

राजाने जवळच्या घरातून वाटीभर भात घेतला आणि तो वाड्याकडे पळाला. जिने चढून तो राणीच्या दालनात शिरला. राणीची मान वेलाकडे वळलेली होती. वेलावर एकही मणी नव्हता. राजाने तिच्या गालाला हात लावला. गाल गार होता. खिडकीच्या चौकटीवर पक्षी बसला होता.

"केव्हा?" राजाने विचारले.

"तू शेवटचे पान घासत होतास तेव्हा."

राजा वाटी घेऊन तसाच बसून राहिला. भात भातच राहिला होता. पक्षी झाडावर जाऊन बसला आणि त्या दिवसापासून राजाशी कधी बोलला नाही.

राज्याची घडी पुन्हा बसली. वेशीबाहेरच्या पळ्या लोकांनी घासूनपुसून घरी नेल्या. घरोघर आया लेकरांना भरवू लागल्या. राजाने हातोडा परत हाती धरला नाही. वेशीपाशी त्याने अन्नछत्र घातले, आणि कफनीवाला येवो की मुकुटवाला, सगळ्यांना तो स्वतः वाढी.

बऱ्याच वर्षांनी एक परदेशचा राजा त्या वाटेने आला. तोरण पाहून तो घोड्यावरून उतरला आणि कितीतरी वेळ मान वर करून उभा राहिला.

"अशी कारागिरी मी कुठे पाहिली नाही," तो म्हणाला. "घडवले कोणी हे?"

पंक्तीत वाढणाऱ्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याने वर पाहिले नाही.

"आधी जेवायला बसा," तो म्हणाला. "भात निवतो आहे."