गुरुंब

मंडळी, तांबडी नदीच्या या उतारावर आता पूल झालाय, पण पात्राकडेचा हा काळा कातळ कुणी फोडू दिला नाही. याला ठकुबाईचा कातळ म्हणतात.

ठकुबाईचे डोळे लहानपणीच देवीच्या आजारात गेले होते. कान मात्र असे, की नदी काय बोलते ते ती इथे बसून सांगे आणि तिच्या शब्दावर माणसं पाण्यात पाय घालीत. तिने ‘खळखळ’ म्हटलं की उतरायचं, ‘घळघळ’ म्हटलं की एकमेकांचे हात धरायचे, ‘धो धो’ म्हटलं की मुकाट घरी परतायचं.

एका आश्विनात वर डोंगर खचून नदी अडली होती, असं सांगतात. खाली कुणाला पत्ता नव्हता. पलीकडे भातकापणीला निघालेल्या सात बायका कातळापाशी थांबल्या. त्यांत ठकुबाईची लेक आवडा होती.

“कसं वाजतंय, आई?”

“खळखळच. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी आहे.”

“काय आहे?”

असा आवाज ठकुबाईने जन्मात ऐकला नव्हता. तो कानापेक्षा तळपायांना कळत होता. त्याला शब्द सापडेना. “थांबा जरा,” एवढंच ती म्हणाली.

ऊन चढत होतं. “घोटासुद्धा भिजत नाही गं,” म्हणत आवडा उतरली, मागोमाग बाकीच्या. त्या मध्यावर असतानाच वरची दरड फुटली आणि अडलेलं पाणी भिंतीसारखं आलं. भागा नावाची एकटी उंबराच्या मुळीला अडकून वाचली.

त्यानंतर ठकुबाई म्हणे कुणाशी बोललीच नाही. कातळावर बसून तो आवाज तोंडात घोळवीत राही. गुडगुड नव्हे. घरघर नव्हे. धडधड तर नव्हेच. वर्ष उलटलं. एका दुपारी तिच्या ओठांतून निघालं, “गुरुंब.” मग छातीतून, “गुरुंब, गुरुंब.”

शेजारी भागा पाणी भरत होती. तिच्या हातची घागर सुटली आणि ती मागे न बघता चढणीला धावत सुटली. घागर आपटल्याचा नि पावलांचा आवाज ऐकून ठकुबाईला कळलं, शब्द बरोबर जुळला. मग ती कातळावर कपाळ टेकून लेकीच्या नावाने रडली.

आजही इथल्या पोरांना अक्षरओळख व्हायच्या आधी या कातळावर आणून नदीचे शब्द शिकवतात. ‘गुरुंब’ सगळ्यात शेवटी, एकदाच, हळू आवाजात. बाकीचे शब्द कुणीही शिकवावेत. हा मात्र आईनेच सांगायचा असतो.