ऋतुराजचा सौदा

कोल्हापुरात दूधकट्टा चालवून गबर झालेल्या दौलतरावांनी फुटबॉलचा क्लब विकत घेतला आणि फायनलच्या आदल्या संध्याकाळी हुकमी स्ट्रायकर ऋतुराजलाच विकायला काढलं.

"मुजावर, क्लब नफ्यासाठी असतो. जिंकणं नंतर!"

कोच मुजावर पेचात पडले. बोललं तर नोकरी जाणार, गप्प बसलं तर फायनल. दोघं उभे होते त्या कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर म्हशीची धार काढणं चाललं होतं. घाम पुसत ते म्हणाले, "मालक, ही म्हैसपण विकून टाका. भाव चांगलाय."

"खुळा झालास काय? समोर धार काढलेली बघून लोक दूध पितात. म्हैस विकल्यावर काय माझं तोंड बघायला येतील?"

"मग ऋतुराज गेल्यावर मैदानात कुणाचं तोंड बघायला येतील?"

गिऱ्हाइकं खदखदून हसली. दौलतरावांनी तिथंच फोन लावून सौदा मोडला.

मुजावर मात्र दुधाचा ग्लास अर्धाच ठेवून मैदानाकडे पळाले. आता फायनल जिंकून दाखवायची होती.