बाराव्या खेळाडूचं कार्ड

परदेशात अध्यक्षांना ‘नाही’ म्हणायचं नसतं, असं संघाची व्यवस्थापक म्हणून मला विमानतळावरच बजावलं होतं.

काठमांडूत आमच्या मुलींचा कबड्डी संघ थेट फायनलला पोचला. पोरी नुसत्या उधाणल्या होत्या. सामना टीव्हीवर दिसणार, हे कळताच आमच्या संघटनेचे अध्यक्ष घोरपडेसाहेब मला म्हणाले, “केतकी, शर्वाणीचं कार्ड मला दे. राखीव तर आहे ती. मी बसतो संघाच्या बाकावर.”

शर्वाणीचा चेहरा पडला. सोबत आलेल्या पदाधिकारी काकामंडळींनी माना डोलावल्या.

“देते की,” मी म्हणाले. “पण हे खेळाडूचं कार्ड आहे. बदली खेळाडूचंही वजन होतं, पासष्ट किलोच्या आत लागतं. काटा समोरच आहे, साहेब. चढा.”

साहेबांनी शर्ट खाली ओढला. “तू सांग ना आयोजकांना. चालवून घेतील.”

“नाही सांगणार.”

मी कार्ड शर्वाणीच्या गळ्यात घातलं.