भिंतीवरची दोन चित्रं

डोळ्यांचे डॉक्टर राजाध्यक्ष म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. पेशंट तपासायचे ते हाताखालच्यांनी. मोतीबिंदू काढून कुठलं भिंग बसवायचं ते मात्र साहेब स्वतः सांगणार, आणि समोरच्यानं मान डोलवायची.

उजव्या डोळ्यात थेंब घातलेल्या भागीरथीबाई सुनेसोबत आत आल्या, तशी साहेबांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं एकाच बागेची दोन चित्रं होती. एक लखलखीत, दुसरं धुरकट.

"आजी, भारी भिंग बसवलं तर जग त्या पहिल्या चित्रासारखं दिसेल. साधं बसवलं, तर जन्मभर हे दुसरं!"

सून घाबरून पुढं झाली. "आई, भारीच बसवू या. माझ्या पाटल्या मोडते."

"थांब गं!" भागीरथीबाईंनी उजवा डोळा तळहातानं झाकला आणि भिंतीकडे टक लावून पाहिलं.

"डॉक्टर, पहिल्या चित्रात गुलाबावर फुलपाखरू बसलंय ना?"

"बघा, किती स्पष्ट!" साहेब खुलले.

"आणि दुसऱ्यात नुसता धूर."

"तेच तर सांगतोय!"

"मग मला सांगा, ह्या डाव्या डोळ्यात गेल्या वर्षी शिबिरात साधंच भिंग बसवलंय. साध्यातून जन्मभर धुरकट दिसायचं, तर ते फुलपाखरू मला दिसलं कसं?"

साहेबांनी भिंतीवरची नजर काढून टेबलावरचे कागद चाळायला घेतले.

"पोथीपुरता चष्मा लावीन मी. उजव्यातही साधंच बसवा," भागीरथीबाई उठता उठता म्हणाल्या, "आणि ते दुसरं चित्र तेवढं पुसून घ्या."