राजांची सोळा टेराबाइटची डबी

"भिकोबा, बाराच्या आत हे जुनं धूड भंगारात गेलं पाहिजे!" टेंभूगडचे राजे रणदुल्लराव सकाळी सकाळी गरजले.

धूड म्हणजे दरबारचा जुना संगणक. म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकायचा, पण राज्यातल्या प्रत्येक शेताची, विहिरीची आणि तळ्याची नोंद त्याच्याच पोटात होती. आता त्याच्या जागी येणार होती साबणाच्या वडीएवढी एक डबी. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा ऑनलाइन बाजारातून राजांनी ती स्वतः मागवली होती. सोळा टेराबाइट जागा, अख्खं राज्य मावेल असा बोभाटा, आणि किंमत म्हणाल तर चपलांच्या दोन जोडांएवढी. प्रधान नारोपंत म्हणाले होते, "घ्याच महाराज, हिला पाच चांदण्या दिल्यात लोकांनी." प्रधानांना पाचापर्यंत मोजता येत होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

भिकोबा कारकुनानं हात जोडले. "महाराज, एवढ्या स्वस्तात एवढी जागा कोणी देत नसतं. असला माल पुष्कळदा नकली निघतो. नोंदी हिच्यात टाकल्या, जुनं यंत्र मोडलं आणि हिनं दगा दिला, तर उद्या कुणाचं शेत कुठलं हे देवालासुद्धा सांगता यायचं नाही."

"मी घेतलेली वस्तू नकली?" राजांनी डबी यंत्राला जोडली आणि आपल्या सनईवादनाचा एक व्हिडिओ तिच्यात टाकून लावला. सनई वाजली. खिडकीतलं मांजर उठून निघून गेलं. "काय, वाजली की नाही?"

"वाजली महाराज," दरबार एका सुरात म्हणाला. सगळ्यांच्या कानात कापूस होता, पण राजांचे ओठ हललेले दिसत होते.

"तर मग ऐक. बाराला भंगारवाला येईल. तोवर डबी खोटी असल्याचं दाखव. पण ती उघडायची नाही, आपटायची नाही आणि तिला वाकडा शब्द बोलायचा नाही. परदेशची पाहुणी आहे ती! नाही जमलं, तर भंगारवाल्याच्या गाढवावर यंत्राशेजारी तू बसशील."

भिकोबाच्या मिशा खाली लोंबल्या. उघडायची नाही, तर पोटातलं दाखवणार कसं?

तेवढ्यात दाराशी कुणीतरी डोक्यावरचा माठ उतरवला. कुंभाराची लेक ठकू. दरबारचे माठ तीच आणायची. तळ्यातली माती काढायचा कुंभारांचा हक्क त्याच धुडात लिहिलेला होता, आणि तळ्याकाठी बंगला बांधायची प्रधानांची जुनी हौस होती, हे तिला चांगलं माहीत होतं.

"महाराज, मी दाखवू?"

"ए पोरी," नारोपंत म्हणाले, "तुला संगणकातलं काय कळतं?"

"काहीच नाही, प्रधानजी. म्हणून तर विचारून बोलते." ती राजांकडे वळली. "तुमच्या सनईचे असे किती व्हिडिओ आहेत?"

राजांचा चेहरा उजळला. "त्रेसष्ट! सगळे या धुडातच आहेत."

"एवढेच? बरं, सगळे या डबीत भरा. एकामागून एक."

"पण मूळचे पुसू नका हं," भिकोबानं हळूच सांगितलं.

भरणं सुरू झालं. राजे प्रत्येक व्हिडिओच्या वेळी तो राग कुठं, कसा सुचला ते सांगत होते. दरबारी जांभया गिळत होते. प्रधान तर डोळे उघडे ठेवून घोरायला लागले. दाराशी वेळेआधीच येऊन थांबलेल्या भंगारवाल्याचं गाढव अधूनमधून साथ देत होतं, आणि त्याचा सूर बरा लागत होता.

बाराला थोडा वेळ असताना त्रेसष्टावा व्हिडिओ आत गेला. यादीत त्रेसष्टच्या त्रेसष्ट नावं झळकली. राजांनी शेवटचा लावला. वाजला.

"हरलीस पोरी!"

"थांबा महाराज. आमच्याकडे रांजण घ्यायला आलेली बाई काय करते? गळ्यापर्यंत पाणी भरते. भरलेलं तर वरून कुणालाही दिसतं. मग ती घटकाभर बसते आणि गळतोय का ते बघायला रांजणाच्या बुडाला हात लावते. वरचं बघून कोणी पैसे देत नाही. तुम्ही सकाळी सगळ्यात आधी टाकलेला लावा."

राजांनी पहिला लावला. पडदा काळा. दुसरा लावला. काळा. दहावा, विसावा, चाळिसावा, सगळी नुसती नावं! शेवटचे पाच-सहा तेवढे वाजत होते. नव्याला जागा करायला डबीनं जुनं सगळं गुपचूप खाऊन टाकलं होतं.

दरबारात सुई पडली तरी ऐकू आली असती, कापूस नसता तर.

राजांच्या भुवया चढल्या. "म्हणजे ही..."

"वाकडा शब्द नको, महाराज," ठकूनं हात जोडले. "पाहुणी फार गुणाची आहे. काहीही सांगा, हो म्हणते. नाही कधी म्हणत नाही. शेवटचं बोललेलं तेवढं लक्षात ठेवते आणि आत काही उरू देत नाही. हिला तुम्ही प्रधान करा."

राजांनी डबीकडे पाहिलं. मग घोरणाऱ्या नारोपंतांकडे पाहिलं. आणि असे हसले, असे हसले की मुकुट घरंगळत थेट दारातल्या गाढवापर्यंत गेला.

त्यांनी स्वतःच्या हातानं डबी फोडली. आत नखाएवढी चकती, आणि वजन वाटावं म्हणून चिकटवलेले दोन लोखंडी नट.

"माग पोरी, काय हवं ते माग!"

"जुनं यंत्र आणि भिकोबाकाका आहेत तिथंच राहू द्या. तळ्याची माती आमची. आणि हे दोन नट द्या, बाबांची हातगाडी खिळखिळी झालीये."

राजांनी सगळं दिलं, वर एक सोन्याचं कडं दिलं, आणि फुटकी डबी उचलून प्रधानांच्या आसनावर ठेवायला लावली. प्रधानांना त्यांनी बुडाला हात लावून माठ घ्यायचं शिकायला कुंभारवाड्यात धाडलं.

चार दिवस दरबार भरला. प्रधान बदललेत हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.